पाहुणा आणि पाहुण्याचे राष्ट्र

एखाद्या राष्ट्राने केलेल्या अन्यायाचा दोष त्या राष्ट्रातील प्रत्येक माणसाला लागतो काय? हा प्रश्न केवळ राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे असे कोणी समजू नये. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजी गावात तो दारात येऊन उभा राहिलेला आहे.

शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. गेल्या काही वर्षांत येथे रशियन पाहुणे इतके येऊ लागले की दुकानांवर, खानावळींवर रशियन लिपीतील पाट्या लागल्या आणि लोक गावाला ‘छोटा रशिया’ म्हणू लागले. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या सैन्याने युक्रेनवर स्वारी केली. शहरे उद्ध्वस्त झाली, लाखो लोक बेघर झाले. मग किनाऱ्यावर मुलाबाळांसह फिरणाऱ्या या पाहुण्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे?

दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, आपल्याला काय करायचे आहे? भाडे वेळेवर मिळाले म्हणजे झाले. दुसरे असे की, ज्यांचे हात रक्ताने भरले आहेत त्यांना उंबरठा ओलांडू देऊ नये. पहिल्यात न्यायाची चाड नाही, दुसऱ्यात माणसाची ओळख नाही. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात.

थोडा इतिहास पाहू. 1788 साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, आणि पावणेदोनशे वर्षांच्या आसपास मोरजीचे लोक पोर्तुगालच्या अमलाखाली राहिले. याच तालुक्यातील पत्रादेवी येथे 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच पडले. त्या दिवशी प्रत्येक पोर्तुगीज माणूस आपला वैरी आहे असे कोणी म्हटले असते, तर आपण त्याला दोष दिला नसता.

परंतु खुद्द पोर्तुगालची स्थिती काय होती? सालाझार यांच्या राजवटीत वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, विरोधकांच्या मागे गुप्त पोलीस होते, खऱ्या अर्थाची निवडणूक नव्हती. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य सीमेवर उभे राहिले, तेव्हा शरण जायचे नाही, अखेरपर्यंत लढायचे, असा हुकूम लिस्बनहून गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना आला. त्यांच्याजवळ सुमारे साडेतीन हजार सैनिक होते. लढून काही साधणार नव्हते. केवळ माणसे मेली असती आणि गावे जळाली असती. 19 डिसेंबर रोजी त्यांनी शरणागती पत्करली. या कारवाईत दोन्ही बाजूंचे मिळून मृत्यू शंभराच्या आत राहिले. गव्हर्नरांना मात्र त्यांच्याच सरकारने सैन्यातून बडतर्फ केले. 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालच्याच सैनिकांनी ती राजवट उलथून टाकली, तेव्हा कोठे त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली. त्याच वर्षी 31 डिसेंबरला नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. करारावर सह्या होत्या मारिओ सोआरिश यांच्या आणि आपल्या यशवंतराव चव्हाणांच्या.

यावरून काय दिसते? राष्ट्र आणि त्याचे सरकार एक नव्हेत, आणि सरकार व त्याचा नोकर हेही सर्वस्वी एक नव्हेत. ज्यांना आपण एका वर्षी सरसकट शत्रू म्हणावे, त्यांच्यातूनच तेरा वर्षांनी मैत्रीचा हात पुढे येतो. आज गोव्यातील कितीतरी कुटुंबे आपल्या वाडवडिलांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगालचे नागरिकत्व घेतात व परदेशी कामाला जातात. त्या कागदाबरोबर पत्रादेवीच्या गोळीबाराचे पाप त्यांच्या माथी येते काय? कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल.

तर मग नागरिकाला आपल्या राष्ट्राच्या कृत्याशी काहीच देणेघेणे नाही, असे म्हणावे काय? तसेही नाही. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची पत्नी यहूदी होती व नाझी राजवटीने त्यांना अध्यापनातून दूर केले होते. युद्ध संपल्यावर 1946 साली त्यांनी दोषाचे प्रकार वेगळे करून दाखवले. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचा. त्याचा निवाडा न्यायालयाने करावा. नैतिक दोष ज्याच्या त्याच्या विवेकाचा. तो संपूर्ण समाजावर लादता येत नाही. परंतु राजकीय जबाबदारी मात्र सर्व नागरिकांची असते. सरकारने केलेल्या नुकसानीची भरपाई सर्वांनाच सोसावी लागते. हा भेद आम्हांला फार उपयोगाचा वाटतो. पाहुण्याच्या देशाला जाब विचारणे योग्य आहे. पाहुण्याच्या लेकराला टोमणा मारणे योग्य नाही.

पवित्र शास्त्रही याच वाटेने नेते. बापाच्या पापासाठी मुलाला दंड होणार नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने स्पष्ट सांगितले. निनवे हे इस्राएलाच्या वैऱ्याचे शहर. तरी योनाला देवाने तेथील लाखावर अजाण जीवांची आठवण करून दिली. योनाला शहर दिसत होते, देवाला माणसे दिसत होती. पण दुसरीकडे दानीएलाची प्रार्थना पाहा. तो स्वतः नीतिमान होता. तरी आपल्या लोकांविषयी बोलताना ‘ते’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो. 1945 च्या ऑक्टोबरात श्टुटगार्ट येथे जर्मन मंडळीच्या पुढाऱ्यांनी दोषाची कबुली दिली, तीही ‘आम्ही’ म्हणूनच. सही करणाऱ्यांत मार्टिन निमोलर होते, ज्यांनी हिटलरच्या कैदेत सात वर्षांहून अधिक काळ काढला होता.

नियम असा दिसतो: दुसऱ्याच्या राष्ट्राचा दोष असेल तेथे माणूस माणूस निवडून पाहावा, आपल्या राष्ट्राचा असेल तेथे ‘आम्ही’ म्हणण्यास कचरू नये. आपण सहसा नेमके याच्या उलट करतो.

म्हणून ‘आम्ही’चाही विचार केला पाहिजे. ज्याला मत देण्याचा, लिहिण्याबोलण्याचा अधिकार आहे, त्याची जबाबदारी हुकूमशाहीतल्या माणसापेक्षा जड असते. 18 डिसेंबर 1961 रोजी सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, सात मते अनुकूल पडली, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. ते उपकार आपण विसरलो नाही. पण 2 मार्च 2022 रोजी 141 राष्ट्रांनी युक्रेनवरील स्वारीचा निषेध केला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या 35 राष्ट्रांत आपले राष्ट्र होते. पुढे रशियाचे स्वस्त तेलही आपण पुष्कळ घेतले. देशाच्या गरजा असतात, हे आम्ही जाणतो. गोव्याची मुक्ती व युक्रेनवरील स्वारी एका तराजूत घालावी असेही आमचे म्हणणे नाही, कारण एकीकडे परकी वसाहत संपली व दुसरीकडे स्वतंत्र शेजाऱ्यावर स्वारी झाली. परंतु जुन्या उपकाराची फेड म्हणून आपण आज मौन धरावे काय, हा प्रश्न मोरजीच्या पाहुण्याला नव्हे, तुम्हांआम्हांला आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा विषय टाळू नये. मुले बातम्या ऐकतात व चटकन एखाद्या देशाचे नाव शिवीसारखे वापरू लागतात. त्यांना अन्यायाला अन्याय म्हणायला शिकवा. तेथे मऊपणा नको. त्याबरोबर हेही शिकवा की, परक्याला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखावे, त्याच्या झेंड्याने नव्हे. आणि प्रार्थनेत युक्रेनच्या निराधारांचे नाव घेताना रशियातील ज्या आयांची मुले रणात पडली त्यांचेही नाव घ्या. एवढे झाले, तर घर भाड्याने देणाराही पाहुण्याकडे केवळ भाडे म्हणून पाहणार नाही आणि केवळ शत्रू म्हणूनही पाहणार नाही.