झाकली मूठ

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एक फाउंड्री आहे असं समजा. ग्रे आयर्नचं कास्टिंग, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग, दोन पाळ्या, दीडशे माणसं. मालक आप्पा. वडिलांनी ऑइल इंजिनांच्या जमान्यात पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला धंदा त्यांनी इंडक्शन फर्नेसपर्यंत आणला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, जिकडे जाल तिकडे फाउंड्र्याच फाउंड्र्या. त्यामुळे ‘आम्ही उत्तम दर्जाचं कास्टिंग करतो’ हे वाक्य तिथे कोणीही कोणाच्याही दारावर लावावं, खपून जातं.

आप्पांचा मुलगा एका प्रदर्शनाला जाऊन आला आणि म्हणाला, “आता खरेदीवाली माणसं आधी लिंक्डइनवर बघतात, मग फोन करतात. आपलं तिथे काहीच नाही.” म्हणून गौरीला नेमलं. मुलगी इचलकरंजीची, पुण्यात एमबीए केलेली, हुशार. तिला एक टेबल, एक लॅपटॉप आणि ऑफिसातली एसीसमोरची खुर्ची मिळाली. शॉपफ्लोअर तिथून काचेपलीकडे दिसायचा.

पहिले सहा महिने तिने जे केलं तेच सगळे करतात. खंडेनवमीला भट्टीला हार घातलेला फोटो. 15 सप्टेंबरला अभियंता दिन, म्हणून विश्वेश्वरय्या. महिला दिनाला गुलाबी चौकट, जरी मोल्डिंगला एकही बाई नव्हती. मधल्या दिवसांत कुठल्या तरी परदेशी कारखान्यातल्या यंत्रमानवाचं चित्र आणि खाली ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’. ह्या पोस्टना लाइक कोणाचे? आप्पांच्या मेहुण्यांचे, अकाउंट्समधल्या दोघांचे, आणि नोकरी शोधणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांचे. पोरांचं बरोबरच होतं. ती जागा मुळात त्यांच्यासाठीच होती. 2003मध्ये लिंक्डइन सुरू झालं ते आपली कामाची ओळख मांडून ठेवायला. 2016मध्ये मायक्रोसॉफ्टने ते 26 अब्ज डॉलरहून जास्त मोजून घ्यायचं ठरवलं, तोवर माणसं तिथे नुसती ओळख मांडत नव्हती, बोलायला लागली होती. बोलायला लागली म्हणजे सांगायला. ऐकायला कोण आहे हे बघायची सवय त्या मानाने कमीच लागली.

मग मुलाने गौरीला पुण्यात एका कार्यशाळेला पाठवलं. सल्लागार तरुण होता, कानाला माइक लावून बोलायचा. त्याने सांगितलेलं बरंचसं खोटं नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. तेव्हा पहिली ओळ सैल असेल तर पुढचं कोणी उघडत नाही. खरं आहे. एका पोस्टला 3000 अक्षरांची मर्यादा असते, पण तेवढी वापरायलाच हवी असं नाही. तेही खरं. वाचणारा पोस्टपाशी किती वेळ रेंगाळतो हे लिंक्डइन मोजतं. 2020मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी तसं लिहिलं होतं. ह्यावरून सल्लागाराने निष्कर्ष काढला की एकेक वाक्य सुटं टाकावं, मध्ये रिकामी ओळ सोडावी, म्हणजे माणूस खाली खाली जात राहतो. माणूस थांबला पाहिजे हे ठीक. कशासाठी थांबावा, हा विषय दोन दिवसांच्या वेळापत्रकात नव्हता.

आणि शेवटी, चहाच्या वेळी, हळू आवाजात त्याने पॉडबद्दल सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास-साठ जणांचा गट. तुझी पोस्ट पडली की आम्ही सगळे तासाभरात लाइक आणि कमेंट करणार, आमची पडली की तू कर. लिंक्डइनच्या नियमांत असली ठरवून केलेली वाहवा बसत नाही. पण नियम कोण वाचतो?

गौरी परत आली ती नवी लेखणी घेऊन. आप्पांच्या नावाने पोस्ट पडली:

‘तो मुलाखतीला आला.

पायात चप्पल नव्हती.

मी त्याला वॉचमन म्हणून घेतलं.

आज तोच माझा क्वालिटी मॅनेजर आहे.’

आप्पांनी चष्मा वर केला. “असा वॉचमन आपल्याकडे कधी होता गं?”

“नव्हता, आप्पा. पण अशा पोस्ट चालतात.”

चालल्या खऱ्या. आठशे लाइक, सत्तर कमेंट. ‘डोळे पाणावले.’ ‘हेच खरं नेतृत्व.’ ‘आणखी लिहीत राहा, सर.’ आप्पा लग्नाकार्यात मोबाइल काढून दाखवायला लागले. लोकांना रडवणं इंटरनेटवर फार अवघड नाही. ऑगस्ट 2022मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या एका कंपनीप्रमुखाने माणसं कामावरून काढल्यावर स्वतःचाच रडतानाचा फोटो लिंक्डइनवर टाकला होता. तो जगभर फिरला. त्याच्यावर जे लिहिलं गेलं त्यात कौतुक थोडं आणि टवाळी जास्त होती, पण बघितला सगळ्यांनी. बघितलं जाणं आणि विश्वास बसणं ह्या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं ते त्या गृहस्थाला तेव्हा कळलं असावं.

आप्पांच्या वॉचमनच्या पोस्टखालच्या त्या सत्तर कमेंटमध्ये एक वेगळी होती. कोइमतूरच्या एका पंप कंपनीतल्या खरेदी अभियंत्याने साध्या इंग्रजीत विचारलं होतं: पावसाळ्यात तुम्ही साच्याच्या सँडमधला ओलावा कसा सांभाळता? गेल्या जुलैत आम्हाला एका पुरवठादाराच्या मालात ब्लो-होल फार सापडले. त्याच्या वर ‘अप्रतिम’, खाली ‘सलाम’. मध्ये तो प्रश्न आठ दिवस पडून होता. पॉडमधल्या एकाने त्यालाही टाळ्यांची खूण दिली होती.

गौरीला तो दिसला तेव्हा तिने उत्तर लिहायला घेतलं आणि तिला कळलं की आपल्याला लिहिता येत नाहीये. इंग्रजी येत होतं, विषय येत नव्हता. ती आप्पांकडे गेली. आप्पा म्हणाले, “ते बापूला विचार. सँड प्लँटवर असतो तो.”

काचेपलीकडे ती पहिल्यांदा गेली. बापू पासष्टीला आलेले, निवृत्तीनंतरही ठेवून घेतलेले. मिक्सरमधून सँड खाली पडत होती. त्यांनी ओंजळभर उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली. तळहातावर बोटांच्या ठशांसकट एक लांबुळका गोळा. मग दोन्ही टोकं धरून तो मधोमध मोडला.

“बघा. कड सरळ तुटली. हाताला चिकटली न्हाई. म्हंजे पाणी बरोबर हाय. ढासळली तर कमी, हाताला माखली तर जास्त.”

“पण मशीन असतं ना मोजायला?”

“हाय की. लॅबमधी. तीन-साडेतीन टक्क्यांवर ठिवतो आपण. पर मशीन घंट्याला एकदा सांगतंय, मूठ दर मिक्सला सांगती.”

तिने कोइमतूरचा प्रश्न वाचून दाखवला. बापू हसले. “पावसात सगळी सँडवरच आळ घेत्यात. आपला माल परत आला तवा सँडचा काय गुन्हा न्हवता.”

आणि त्यांनी जुलैची रात्र सांगितली. पाऊस कोसळत होता. दोनच्या सुमाराला लाइट गेली. भट्टीतला रस तसाच राहिला, आणि मोल्डिंग लाइनवर बंद केलेले बॉक्स, आत कोअर, म्हणजे कास्टिंगची पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, बसवलेले, पहाटेपर्यंत उभे राहिले. कोअर कोरडा असतो आणि भोवतीचा साचा ओला. इतका वेळ ठेवला की कोअर ओल ओढून घेतो. वर पावसाळी हवा. सकाळी लाइट आली, रस पुन्हा चौदाशे अंशांच्या आसपास तापवला, आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरने ते बॉक्स मोडून न टाकता ओतले. डिस्पॅचची घाई होती. रस ओल्या कोअरला भिडला, वाफ झाली, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. कास्टिंग वरून गुळगुळीत. भोकं दिसली ती गिऱ्हाइकाकडे, मशीनिंग करताना. छत्तीस नग परत आले.

“मी असतो तर मोडाय लावलं असतं,” बापू म्हणाले. “पर मी दिवसपाळीला.”

गौरीने त्यांच्या उघड्या तळहाताचा, मोडलेल्या गोळ्याचा फोटो काढला. मागे मिक्सर अंधूक, नखांत काळी भुकटी. मग टेबलाशी बसून तिने ती रात्र जशी ऐकली तशी लिहिली. पहिली ओळ: ‘आमचे छत्तीस नग परत आले, आणि दोष सँडचा नव्हता.’ पुढे बॉक्स किती तास उभे होते, ओल कुठून आली, आणि त्यानंतर ठरवलेला नियम: कोअर बसवून बंद केलेला बॉक्स ठरावीक वेळेपलीकडे उभा राहिला की मोडायचा, विचारायचं नाही. शेवटी लिहिलं की हे बापूंनी सांगितलं, आणि कोइमतूरच्या त्या गृहस्थांना उद्देशून, उत्तराला उशीर झाला. पॉडच्या गटात तिने ही पोस्ट टाकलीच नाही. विसरली की मुद्दाम, कोण जाणे.

लाइक दीडशेच्या आत राहिले. पण खाली वेगळीच गर्दी. राजकोटचा एक जण म्हणाला, आम्ही कोअर बसवायच्या आधी ओव्हनमध्ये गरम करतो. बटाल्याच्या एका माणसाने त्याला खोडलं: गरम कोअर थंड साच्यात ठेवला तर उलट ओल धरतो, आधी निवू द्या. कोइमतूरवाल्यांनी विचारलं, तुमची वेळेची मर्यादा किती, आणि पावसाळ्यात बदलता का? एका निवृत्त प्राध्यापकांनी कोअरला आधार देणाऱ्या चॅप्लेटवर दव धरतं ते कोणी लक्षात घेत नाही असं लिहून तीन परिच्छेद ओतले. गौरी दर दोन तासांनी उठून सँड प्लँटवर जायची, बापूंना वाचून दाखवायची, ते सांगतील ते येऊन लिहायची. एकदा बापू म्हणाले, “बटाल्यावाला बरोबर बोलतोय. लिवा, बरोबर हाय म्हणून.” तिने लिहिलं.

आप्पांना हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या फाउंड्रीच्या मालकाकडून. ते ताडताड ऑफिसात आले.

“छत्तीस नग परत आले हे तू जगाला सांगितलंस? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी.”

“ज्यांना परत पाठवायला लागले त्यांना माहीतच होतं, आप्पा.”

“आणि ज्यांना नव्हतं त्यांना आता झालं!”

त्यांचा राग उगीच नव्हता. धंद्यात चूक उघडी करणं स्वस्त नसतं, आणि फाउंड्री चालवणाऱ्याला त्याची किंमत एमबीएवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ते म्हणाले, पोस्ट काढून टाक. ती म्हणाली, काढली तर खालची सगळी चर्चा जाईल, कोइमतूरवाल्यांचा प्रश्नही जाईल, आणि त्यांनी परवाच आपली मर्यादा विचारलीय. आप्पा थांबले. “मग बापूचं नाव तरी काढ.”

नाव काढायच्या आत बेळगावहून फोन आला. आप्पांना नव्हे, बापूंच्या पुतण्याला. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला सँड प्लँटसाठी जाणकार माणूस हवा होता, राहायला खोली, वर पगार दीडपट. पोस्ट वाचून त्यांनी माणूस शोधत शोधत नंबर मिळवला होता. व्यावसायिक ओळखींसाठी बांधलेल्या जागेने अखेर आपलं काम केलं. फक्त आप्पांना अभिप्रेत होतं त्याच्या उलट्या दिशेने.

आप्पांनी बापूंना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत बापू त्या खुर्चीत बसलेले कोणी पाहिले नव्हते.

“जाणार?”

“ह्या वयात बेळगावला जाऊन काय करू? पर पगाराचं बघा, मालक. आणि रातपाळीला दोन पोरं द्या माझ्या हाताखाली. शिकिवतो. मी नसताना बॉक्स ओतलं जात्यात, त्ये परवडंना.”

पगाराचा आकडा ठरायला दोन दिवस लागले. पोरं त्याच संध्याकाळी मिळाली.

ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण विचारतो की कोइमतूरची ऑर्डर मिळाली का. त्यांनी नमुन्याचे नग मागवले. ते मशीनिंगला लागायचे आहेत, आणि कास्टिंगच्या पोटात काय आहे ते मशीनिंगआधी सांगणारा माणूस एक तर बापू असतो नाहीतर खोटारडा. गौरी पॉडमधून बाहेर पडली. वॉचमनची पोस्ट तिने गुपचूप उडवली. आप्पांनी ती आधीच मेहुण्यांना फॉरवर्ड केलेली असल्यामुळे घरात अजून चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने नवी पोस्ट लिहिली. तीन तळहातांचा एकच फोटो, मधला आणि उजवा त्या पोरांचा. आप्पांची आता एकच अट होती, टाकायच्या आधी मला दाखव. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“हा मधला गोळा बघ. कड ढासळलीय. लोक हसतील. काढ तो.”

“तो सुट्टीनंतरच्या पहिल्या मिक्सचा आहे, आप्पा. सँड चार दिवस पडून वाळलेली, पोराने पाणी नेहमीएवढंच टाकलं. पोस्ट त्याच्यावरच आहे.”

“कोइमतूरवाले वाचणार?”

“त्यांनीच विचारलंय, सुट्टीनंतर काय करता म्हणून.”

आप्पांनी पोस्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. “इथे ‘पाणी कमी पडलं’ असं मोघम लिहिलंयस. किती टक्के होतं? लॅबमधून आकडा आण आणि तो टाक. अर्धवट सांगायचं तर मग कशाला सांगायचं?”