बाहुलीचे केस आणि प्रत्यभिज्ञेचा प्रश्न

कारखान्यात साच्यातून निघालेल्या बाहुलीच्या डोक्यातील जुने केस उपटून त्याच छिद्रांत नवे केस रोवणे ही वरवर पाहता हस्तकौशल्याची आणि छंदाची बाब आहे. परंतु काम पुरे झाल्यावर समोर असलेली बाहुली पूर्वीचीच आहे काय, असे विचारताच तत्त्वज्ञानातील एक जुना वाद उभा राहतो, आणि त्या वादातील पक्षांनी आपल्या बाजूने केसांचाच दाखला दिलेला आढळतो. भारतीय दर्शनांत या प्रश्नाला प्रत्यभिज्ञेचा प्रश्न म्हणतात. पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा पाहिल्यावर ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते ते प्रत्यभिज्ञा होय, आणि अशा ज्ञानावरून वस्तूचे स्थैर्य सिद्ध होते की नाही यावर बौद्ध आणि नैयायिक यांच्यात अनेक शतके वाद चालला.

विवेचनासाठी अमेरिकेतील मॅटेल कंपनीची बार्बी ही बाहुली घेणे सोयीचे आहे, कारण जुन्या बाहुल्यांचे संग्राहक आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांचा सर्वाधिक व्यवहार तिच्याशी आहे. रूथ हँडलर यांनी जर्मनीतील ‘बिल्ड लिली’ या बाहुलीवरून कल्पना घेऊन घडवलेली ही बाहुली 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिची सुरुवातीची निर्मिती जपानमध्ये होत असे. तिचे डोके व्हिनाइल या मऊ, पोकळ प्लास्टिकचे असते आणि केस बहुधा ‘सारन’ नावाच्या कृत्रिम तंतूचे. हे तंतू यंत्राच्या सुईने झुपक्याझुपक्यांनी डोक्यात टोचले जातात, त्यामुळे टाळूवर छिद्रांच्या ओळी दिसतात. 1959 ची कपाळावर कुरळ्या बटा असलेली पोनीटेल, 1961 चा ‘बबल कट’ नावाचा फुगीर आखूड केशसंभार, अशा केशरचनांवरूनच संग्राहक बाहुलीचे वर्ष आणि प्रकार ओळखतात. साहजिकच केस गेले की बाहुलीची ओळख धोक्यात येते, आणि केस तर जातातच: मुली ते कापतात, विंचरून तोडतात, आणि काही लालसर छटांचा रंग हात न लागताही काळाबरोबर फिका पडतो.

दुरुस्तीचे दोन प्रकार येथे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्यात मूळ केस तसेच राहतात व केवळ त्यांची रचना बदलते: केस धुऊन, गुंता सोडवून, बारीक नळ्यांवर गुंडाळून त्यांवर कढत पाणी ओतले जाते व लगेच गार पाणी सोडले जाते, उष्णतेने सैल झालेला तंतू थंड होताना नव्या वळणात स्थिरावतो. सारन हे सहन करतो, इतर काही तंतू मात्र तेवढ्या उष्णतेने आक्रसून निकामी होतात. दुसऱ्या प्रकारात डोके कोमट पाण्यात मऊ करून मानेवरून उतरवले जाते, केस मुळाशी कापून उरलेली खुंटे आतल्या बाजूने चिमट्याने ओढून काढली जातात, आणि मूळच्या जाडीचा व छटेचा नवा तंतू एकेका छिद्रातून सुईने ओवून आत गाठ मारून किंवा डिंकासारखे चिकटद्रव्य पसरून पक्का केला जातो.

पहिल्या प्रकाराविषयी कोणाला फारशी शंका येत नाही. परंतु ती का येऊ नये, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. उष्णतेने वस्तूत होणाऱ्या बदलाला न्याय-वैशेषिक परंपरेत ‘पाक’ म्हणतात आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे भट्टीत जाणारा कच्चा घडा. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार अग्नीच्या संयोगाने घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांपासून पुन्हा घडा बनतो. म्हणून भट्टीतून निघालेला तांबडा घडा काटेकोरपणे पाहता दुसराच असतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो की सच्छिद्र घड्यात अग्नी शिरतो आणि घडा न मोडताच त्याचा रंग पालटतो. केसांचे वळण हा रंगासारखा गुण नसून अवयवांच्या मांडणीचा भाग आहे, त्यामुळे हा वाद बाहुलीला जसाच्या तसा लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि कढत पाण्यातून निघालेल्या बटेविषयी व्यवहार नैयायिकांच्याच बाजूचा आहे.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. पाश्चात्त्य परंपरेत ती थेसियसच्या जहाजाच्या रूपाने प्रसिद्ध आहे: अथेन्सवासीयांनी जपून ठेवलेल्या त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या जात आणि ते तेच जहाज आहे की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालत, असे प्लूटार्क सांगतो. थॉमस हॉब्जने 1655 मध्ये त्यात भर घातली की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचेच दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते? केसांच्या बाबतीत हॉब्जचा पेच बोथट होतो. काही कारागीर उपटलेले मूळ केस पुडीत घालून बाहुलीसोबत ठेवतात, पण त्या पुडीला बाहुली म्हणण्याचा मोह कोणालाही होत नाही. म्हणजे केस हा असा अवयव आहे की ज्याच्यावाचून बाहुली अपुरी वाटते, पण ज्यात ती वसत नाही. 1963 च्या ‘फॅशन क्वीन’ या प्रकारात तर कंपनीनेच डोक्यावर कोरलेले केस देऊन सोबत तीन टोप दिले, आणि केसांची गणना अवयवांतून काढून कपड्यांत केली.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर येथे अनपेक्षितपणे कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेली एकसंध वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरोखर अस्तित्वात असते. परंतु त्यामुळेच एखादा अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो व उरलेल्या अवयवांपासून नवा उत्पन्न होतो. तुकडा फाटलेल्या वस्त्राला ते ‘खंडपट’ या नावाने नवे द्रव्य मानतात. या हिशेबाने मुलीने कात्री चालवली तेव्हाच पहिली बाहुली संपली आणि कारागिराने सुई उचलण्यापूर्वी ती अनेकदा संपून पुन्हा जन्मली आहे. वस्तूच्या सत्यतेचा सर्वांत जोरदार कैवार घेणाऱ्या दर्शनाने तिच्या टिकाऊपणाबाबत इतका कंजूषपणा करावा, हे मौजेचे आहे.

बौद्धांचा मार्ग निराळा. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मेनान्डर, भिक्षू नागसेनाला त्याचे शरीर अवयवशः मोजत विचारतो की यांतील नागसेन कोणता, आणि त्या मोजणीची सुरुवात डोक्यावरील केसांपासून होते. नागसेन रथाचे उदाहरण देऊन सुचवतो की नाव हे अवयवांच्या समूहावर ठेवलेला संकेत आहे. पुढे क्षणिकवादी, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते असे मानणाऱ्या, बौद्धांनी प्रत्यभिज्ञेवर आघात करताना कापून पुन्हा उगवलेल्या केसांचा आणि नखांचा दाखला दिला: वाढलेले केस पाहून ‘हे तेच केस’ असे वाटते, पण ते साम्यामुळे झालेला भ्रम असतो; मग इतर वस्तूंविषयीची प्रत्यभिज्ञा तरी कशावरून खरी? शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही देवताधिकरणात, उच्चारातील वर्ण तेच राहतात की नाही या चर्चेत, केसांचा हा दाखला येतो. नैयायिकांचे उत्तर असे की केसांच्या बाबतीत ते कापले गेल्याचे ज्ञान बाधक म्हणून, म्हणजे आधीचे ज्ञान खोटे ठरवणारे म्हणून, उपस्थित असते. जेथे असा बाधक नाही तेथे प्रत्यभिज्ञा प्रमाण मानलीच पाहिजे.

बाहुलीचा विचार या दाखल्यात एक गोष्ट जोडतो. माणसाचे केस पुन्हा उगवतात, आणि बौद्ध पक्षाला त्याचा उपयोग असा की केस तेच नसले तरी संतान, म्हणजे एका क्षणातून पुढचा क्षण निपजण्याची कार्यकारणांची अखंड मालिका, टिकून असते. आजचा केस कालच्याच मुळातून आलेला असतो. बाहुलीच्या डोक्यात मूळ नाही, फक्त छिद्र आहे. नवा केस जुन्यातून निपजत नाही, तो बाहेरून आणून बसवला जातो. होक्काइदो बेटावरील मान्नेन-जी या मंदिरातील ‘ओकिकू’ बाहुलीचे केस वाढतात अशी जी श्रद्धा आहे, तिने लोक थरारतात ते याच कारणाने: केस वाढणारी बाहुली संतानयुक्त ठरेल आणि मग तिला वस्तू म्हणता येणार नाही. दुरुस्त बाहुलीला जोडणारा धागा कारागिराच्या हेतूत आहे, तिच्या द्रव्यात नाही.

हा हेतू नेमका कशाला धरून असतो, हे पाहिले की प्रश्नाचा गाभा लागतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात व्यक्ती, आकृती आणि जाती असा भेद केला आहे: व्यक्ती म्हणजे ही एक विशिष्ट वस्तू, आकृती म्हणजे तिच्या अवयवांची ठेवण, आणि जाती म्हणजे तिच्यासारख्या सर्वांना समान असलेले सामान्य. कारागीर जुनी छिद्रे काटेकोरपणे पुन्हा वापरतो, कारखान्याने ठरवलेला भांग आणि बटांची दिशा राखतो, छायाचित्रांशी ताडून 1961 ची छटा शोधतो; या साऱ्या परिश्रमात तो आकृती आणि त्या द्वारा जाती जपत असतो. व्यक्तीचे मात्र त्याच परिश्रमात नुकसान होते, कारण कारखान्यातून निघताना शेकडो भगिनींसारख्याच असलेल्या त्या बाहुलीला इतरांपासून वेगळे करणारे जे काही होते ते तिच्या झिजण्यातच होते: वाकडीतिकडी कापलेली बट, फिका पडलेला एक भाग, धातूच्या कर्णभूषणामुळे कानाभोवती चढलेला हिरवा डाग. ती जितकी आपल्या प्रकाराचा उत्तम नमुना होते, तितकी ती स्वतःची राहत नाही. ‘मूळ स्वरूप परत आणले’ हा कारागिरांचा नेहमीचा दावा म्हणूनच अर्धाच खरा मानावा लागतो. परत येते ते प्रकाराचे स्वरूप. कंपनीलाही व्यक्तीशी कर्तव्य नव्हते, हे तिच्या शिक्क्यांवरून दिसते: 1966 हे वर्ष कोरलेली धडे पुढे कित्येक दशके बनत राहिली, कारण ते वर्ष त्या घडणीच्या स्वामित्वहक्काचे आहे, त्या बाहुलीच्या जन्माचे नाही.

वास्तूंच्या जतनात हा वाद फार पूर्वी झाला. जॉन रस्किनने 1849 मध्ये पुनरुद्धाराला असत्य ठरवले, आणि 1964 च्या व्हेनिस सनदेने मध्यममार्ग काढला की नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. बाहुलीच्या केसांना हा नियम लावणे जवळजवळ अशक्य आहे, कारण वेगळे ओळखू येणारे नवे केस म्हणजे फसलेले काम, असाच या कलेचा दंडक आहे.

धर्मव्यवहारात याच पेचाला मिळालेले उत्तर अधिक सुसंगत वाटते. मूर्तीच्या जीर्णोद्धारात भग्न मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कुंभातील जलात नेले जाते आणि नव्या मूर्तीत पुन्हा प्रतिष्ठित केले जाते. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, जे 1996 नंतर 2015 मध्ये झाले, संपूर्ण काष्ठमूर्तीच बदलतात. ब्रह्मपदार्थ म्हणून मानलेले गूढ द्रव्य नव्या मूर्तीत ठेवले जाते आणि जुन्या मूर्तींना भूमीत समाधी दिली जाते. येथे एकत्वाचा आधार आकृतीही नाही आणि बाह्य द्रव्यही नाही, म्हणून सारे बदलले तरी भाविकाची प्रत्यभिज्ञा बाधित होत नाही. बाहुलीची प्राणप्रतिष्ठा कोणी केलेली नसते. ज्या जपानमध्ये पहिल्या बार्बी घडल्या, तेथे जुन्या बाहुल्यांना दुरुस्त न करता निरोप देण्याचीही रीत आहे: तोक्योतील उएनो येथील कियोमिझू कान्नोन-दो मंदिरात दरवर्षी 25 सप्टेंबरला ‘निंग्यो कुयो’ हा बाहुल्यांचा कृतज्ञताविधी होतो. अवयव बदलून वस्तू टिकवण्यापेक्षा तिचा अंत मान्य करून तिचे ऋण फेडणे हा क्षणिकवादाशी जुळणारा आचार आहे, मग तो करणाऱ्यांनी त्या वादाचे नाव ऐकलेले असो वा नसो.

तरीही बहुसंख्य बाहुल्या निरोप न घेता विकल्या जातात, आणि तेथे हा प्रश्न सत्य या यमाकडे, म्हणजे योगातील आचारनियमाकडे, वळतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सत्य वाणीला तीन दोषांपासून मुक्त ठेवते: ती वंचक नसावी, भ्रांत नसावी आणि ऐकणाऱ्याला बोध न करणारीही नसावी. ‘1961 ची बाहुली, केस उत्तम’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचा प्रत्येक शब्द खरा असूनही तो पहिल्या दोषात सापडतो. पुनर्रोपणाचा उल्लेख संग्राहकांच्या सांकेतिक लघुरूपांत दडवणारा तिसऱ्यात सापडतो. सर्वांत बिकट स्थिती त्या पुढच्या मालकाची, ज्याने बाहुली विश्वासाने घेतली आणि तितक्याच विश्वासाने विकली. तो वंचक नाही, पण भ्रांत आहे, आणि त्याच्या प्रत्यभिज्ञेचा बाधक असलेल्या हाताच्या गाठी त्या बाहुलीच्याच डोक्याच्या आत आहेत, जेथे मान उतरवल्याशिवाय कोणी पाहत नाही. नैयायिकाने या मालकाचे ज्ञान अप्रमाणच म्हटले असते, कारण बाधक अज्ञात असल्याने ज्ञान खरे होत नाही. दोष मात्र त्याच्याकडे जात नाही. तो त्या साखळीत जेथे उल्लेख प्रथम गळला तेथे राहतो, आणि तो उल्लेख करण्याची सर्वांत सोपी संधी सुई हातात असलेल्या कारागिरालाच होती.