समाधान कोणाच्या वाट्याचे?

संतोष हा मोठा सद्गुण आहे, हे आपण घरात, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि प्रवचनांत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण तर प्रत्येक मराठी घरातील वडीलधाऱ्यांच्या ओठांवर असते. परंतु अंथरूण आखूड का आणि ते कोणी कापले, हा प्रश्न त्या म्हणीत नाही. तो विचारणारा माणूस कृतघ्न ठरतो काय?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात नव्हे, एका अंगणात भेटला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. भात बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळीचे रोप लावल्यावर सुपारी हाती येईपर्यंत मात्र कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. आज्याने लावावे आणि नातवाने खावे, असा तो ठेवा. पुढे काही दिवसांनी आम्ही मदतीचे सामान घेऊन त्या बाजूस गेलो. एका वृद्ध माउलीच्या घरावर छप्पर उरले नव्हते. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही म्हणालो, “आजी, जीव वाचले, देवाचे उपकार माना.” ती शांतपणे म्हणाली, “बाबा, त्याचे उपकार आम्ही त्याच रात्री मानले. आता तुम्ही आलात, तर कौलं कधी मिळतील तेवढं सांगा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच आम्हाला अधिक लाज वाटली. तिची कृतज्ञता पुरी झाली होती. अपुरे होते ते आमचे कर्तव्य. ते झाकण्यासाठी आम्ही तिलाच समाधानाचा उपदेश करीत होतो.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, विपुलता असो वा टंचाई, कोणत्याही स्थितीत तृप्त राहावयास आपण शिकलो, असे सांगितले आहे. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे समाधान उपजत नसते, ते शिकावे लागते. दुसरी म्हणजे पौल स्वतःच्या भुकेविषयी बोलत आहे, शेजाऱ्याच्या नव्हे. उघड्या-उपाशी बंधूला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेस लावणाऱ्याचा विश्वास काय कामाचा, असे याकोबाचे पत्र विचारते. या दोन पत्रांत विसंगती नाही. स्वतःच्या ताटात मिळाले त्यात समाधान मानणे हा सद्गुण. दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाविषयी समाधान मानणे हा निष्ठुरपणा.

याच किनाऱ्याच्या इतिहासात याची साक्ष आहे. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला. घाम कुळाचा आणि पिकातील मोठा वाटा खोताचा, वर वेठबिगार निराळी, अशी ती रीत होती. कसतो ती जमीन खोताच्या कृपेने, ही भावना पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरलेली होती. शेतकऱ्यांनी जमिनी कसण्याचे नाकारले. संप १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षे, चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

ती माणसे असमाधानी होती काय? आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांना अधिकाची हाव असते, ते सहा वर्षे आपली चूल अर्धपोटी ठेवीत नाहीत. थोडक्यात भागविण्याची सवय होती, म्हणूनच त्यांना अन्यायाला नकार देता आला. हावरा माणूस लवकर विकत घेता येतो. समाधानी माणूस सहसा घेता येत नाही. जे समाधान माणसाला मुके करते, ते खरे नव्हे. तो भीतीने घातलेला वेष असतो. खरे समाधान माणसाला निर्भय करते.

मग कृतज्ञतेचे काय? चरीपासून फार दूर नसलेले, कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला वसलेले कोर्लई गाव आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता चौल-कोर्लईतून उठून गेली. मागे राहिलेल्या साध्या कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबांजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. होती ती श्रद्धा आणि पोर्तुगीजातून घडलेली एक घरगुती बोली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची बोली’ म्हणतात. गेलेल्या वैभवासाठी रडत न बसता त्यांनी उरलेले वापरले आणि लेकरांच्या हाती दिले. अडीच शतकांहून अधिक काळ ती बोली टिकली. मिळालेले वापरावे, जपावे आणि पुढे द्यावे; कृतज्ञतेचे याहून निराळे रूप आम्हाला ठाऊक नाही.

रानात मान्ना गोळा करणाऱ्या इस्राएली लोकांपैकी ज्याने जास्त वेचले त्याला ते उरले नाही, ज्याने थोडे वेचले त्याला ते कमी पडले नाही. आणि ज्यांनी साठवून ठेवले त्यांचे सडून गेले. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण ‘माझी’ भाकर मागत नाही, ‘आमची’ मागतो.

तेव्हा आज रात्री जेवणापूर्वी क्रुसाची खूण करताना आपल्या ताटाकडे पाहून आभार मानू या, मनापासून मानू या. पण तेवढ्यावर न थांबता, ‘आमची’ या शब्दात आपण कोणाकोणाला धरले आहे, हेही एकदा मोजू या. आणि कोणी कौलांची वाट पाहत असेल, तर त्याला उपदेश नको, कौले देऊ या.