दाराशी आणि सभागृहात : निवड न करणाऱ्या नृत्यमहोत्सवाचा नैतिक प्रश्न

स्वतंत्रपणे भरविलेल्या समकालीन नृत्यमहोत्सवाविषयी लिहिताना समीक्षक सहसा 'वैविध्य' ह्या शब्दाचा आश्रय घेतो. एका संध्याकाळी एक नर्तकी बराच वेळ जवळजवळ निश्चल उभी राहते, दुसरा कोणी खुर्च्या इकडून तिकडे हलवतो, तिसरी रचना अभिजात तंत्राच्या बंदिस्त चौकटीत उत्तम बसते, आणि चौथीत नृत्य नेमके कोठे होते हेच प्रेक्षकाला कळत नाही. ह्या सगळ्याला 'विविधरंगी' म्हटले की त्यांपैकी कशाविषयीच काही ठरवावे लागत नाही. परंतु वैविध्य हे मूल्य नव्हे. ती मूल्यनिर्णयाला सामोरी येणारी एक परिस्थिती आहे. ज्या महोत्सवाने निवडसमितीच नेमली नाही, जो येईल त्याला रंगभूमी मोकळी ठेवली, त्याने कलावंतांना न्याय दिला असे म्हणायचे, की निर्णयाची जबाबदारी टाळून ती परभारे प्रेक्षकाच्या माथी मारली असे म्हणायचे, हा प्रश्न त्या परिस्थितीत दडलेला आहे. तो सौंदर्यशास्त्रीय दिसतो. मुळात तो नैतिक आहे.

ह्या प्रश्नाचा विचार हवेत न करता एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे ठरेल. ६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कमधील जडसन मेमोरियल चर्चच्या प्रार्थनागृहात काही तरुण नर्तकांनी एक नृत्यकार्यक्रम केला. चौदा रचनाकार, तेवीस रचना, विनामूल्य प्रवेश, जुलैचा उकाडा आणि तीन तासांहून लांबलेला प्रयोग. पुढे दोनेक वर्षे अशाच क्रमांकित कार्यक्रमांची मालिका चालली व तिला 'जडसन डान्स थिएटर' हे नाव मिळाले. आज जगभर संस्थाबाह्य नृत्यमहोत्सव भरतात. त्यांच्या स्वरूपाची, त्यांच्या अभिमानाची आणि त्यांच्या अडचणींचीही बरीचशी पूर्वपीठिका ह्या मालिकेत सापडते.

त्या कार्यक्रमामागे एक वर्ग होता. जॉन केज ह्यांच्या रचनावर्गात शिकलेले संगीतकार रॉबर्ट डन ह्यांनी १९६० च्या शरदात मर्स कनिंगहॅम ह्यांच्या स्टुडिओत नृत्यरचनेचा वर्ग सुरू केला, तेव्हा विद्यार्थी पाचच होते. डन स्वतः नृत्यरचनाकार नव्हते. एरिक साती ह्यांच्या संगीताची केवळ संख्यात्मक बांधणी घेऊन तीवर हालचाली बसवा, यदृच्छेने क्रम ठरवा, असे अभ्यास ते देत. महत्त्वाचे हे, की वर्गातील चर्चेचा रोख 'हे चांगले झाले काय?' ह्यापेक्षा 'हे कसे रचले आणि काय दिसले?' ह्याकडे असे. मूल्यनिर्णय बाजूला ठेवून वर्णनाला दिलेली ही अग्रता जडसनच्या साऱ्या व्यवहारात उतरली. १९६२ च्या शरदापासून ही मंडळी डन ह्यांच्यावाचून साप्ताहिक कार्यशाळा चालवू लागली. तेथे निर्णय बहुमतापेक्षा सहमतीने घेण्यावर भर होता, आणि सुमार ठरवून रचना गाळणारा परीक्षक तेथे कोणी नव्हता.

परिणाम काय झाला, हे पहिल्या कार्यक्रमातील काही रचनांवरून दिसते. स्टीव्ह पॅक्स्टन ह्यांच्या 'प्रॉक्सी'त चालणे, नासपती खाणे, पेलाभर पाणी पिणे ह्या क्रिया होत्या. काही आकृत्या नियतकालिकांतून कापलेल्या छायाचित्रांवरून घेतलेल्या. इव्हॉन रेनर 'ऑर्डिनरी डान्स'मध्ये नाचता नाचता आपण आजवर कोठे कोठे राहिलो ह्याची जंत्री सांगत होत्या. इलेन समर्स ह्यांच्या 'इन्स्टंट चान्स'मध्ये नर्तक फोमचे मोठे ठोकळे फाशांसारखे टाकत आणि पडलेल्या दानाप्रमाणे हालचाल ठरे. फ्रेड हर्को बॅलेची तालीम घेतलेला, नटवा, मिस्कील. त्याच्या रचनेचे नाव होते 'आठवड्यातून एकदोनदा मी स्नीकर्स घालून अपटाउनला जातो' अशा अर्थाचे, आणि तो नाचला अनवाणी. ह्या रचनांना एका निकषाखाली आणणे अशक्यच होते. कोणतीही निवडसमिती असती तर तिने ह्यांपैकी निम्म्या तरी गाळल्या असत्या, आणि कोणत्या निम्म्या हे समितीच्या घडणीवर अवलंबून राहिले असते.

येथे नृत्य आणि लिखित वाङ्मय ह्यांतील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. संपादकाने परत पाठविलेली कविता वहीत राहते. साठच्या दशकात मराठीतील लघुनियतकालिकांनी प्रतिष्ठित मासिकांबाहेर आपली वाट काढली ती ह्याच बळावर : संहिता शिल्लक होती, सायक्लोस्टाइलचे यंत्र मिळाले की ती वाचकापर्यंत जाऊ शकत होती, आणि आधीच्या संपादकाचा नकार चुकीचा होता की नव्हता हे वाचक ताडून पाहू शकत होता. नृत्याला अशी वही नाही. ज्या रचनेला रंगभूमी, अवकाश, सहकारी नर्तक आणि प्रेक्षक मिळत नाहीत ती अप्रकाशित राहते असे म्हणणे अपुरे आहे. ती बहुतांशी घडतच नाही. म्हणून काव्याच्या दाराशी दिलेला नकार हा निर्णय असतो, तर नृत्याच्या दाराशी दिलेल्या नकारात निर्णय आणि त्याची अंमलबजावणी एकाच वेळी होऊन जाते. ज्या निर्णयाची चूक पुढे कोणालाच दाखविता येणार नाही असा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा कलेच्या क्षेत्राबाहेरही नीतिविचाराला अवघड वाटलेला प्रश्न आहे.

कान्टच्या विवेचनाने ह्या शंकेला दुजोरा मिळतो. अभिरुचीचा निर्णय संकल्पनेवरून, नियमावरून वा दुसऱ्याच्या साक्षीवरून काढता येत नाही. प्रत्येकाला तो स्वतः वस्तूसमोर उभे राहून द्यावा लागतो, आणि तरीही तो इतरांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो. नासपती खाण्याचे नृत्य वर्णनावरून नाकारता येते, परंतु तो नकार नासपती खाण्याच्या कल्पनेला असतो, पॅक्स्टन ह्यांच्या रचनेला नव्हे. सौंदर्यनिर्णय मुखत्यारपत्रावर होत नाही. ह्या रचनेचे नाव 'प्रॉक्सी' असावे हा योगायोग मौजेचा खरा.

तथापि निवडीच्या विरोधातला युक्तिवाद एवढ्यावर थांबविणे म्हणजे त्याची अर्धीच बाजू मांडणे होईल. उकाड्यात तीन तास बसलेल्या प्रेक्षकालाही काही हक्क आहेत. त्याचा वेळ, त्याची एकाग्रता ह्या मर्यादित गोष्टी आहेत, आणि कच्च्या रचनांनी थकलेली नजर शेवटच्या चांगल्या रचनेला न्याय देऊ शकत नाही. अशा वेळी न निवडण्याचे औदार्य एका कलावंताच्या खात्यातून काढून दुसऱ्याला दिलेले असते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दार उघडे आहे म्हणजे दारापर्यंतचे रस्ते सर्वांसाठी सारखे आहेत असे नव्हे. जडसनचा समूह प्रामुख्याने गोरा होता. बिनपैशांच्या तालमींसाठी मोकळा वेळ काढू शकणारा होता. कनिंगहॅम स्टुडिओच्या ओळखीपाळखीतून जमलेला होता. चर्चमध्ये जागा मिळण्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींनी तेथील सहायक धर्मोपदेशक अल कारमाइन्स ह्यांना आपली नृत्ये करून दाखविली होती, म्हणजे एक चाचणी झालीच होती. कार्यक्रमाचा क्रमही कोणीतरी लावतेच. निवड नाहीशी होत नाही. ती नजरेआड होते, आणि नजरेआडच्या निवडीला जाब विचारणे निवडसमितीला विचारण्याहून कठीण असते. 'आम्ही कोणाला नाकारत नाही' असे जाहीर करणाऱ्या महोत्सवांनी ह्या आक्षेपाला सरळ उत्तर दिल्याचे क्वचितच दिसते.

मग निर्णयाची जागा कोणती? ह्याबाबत नाट्यशास्त्रातील सिद्धिविचाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा निर्णय करणारे प्राश्निक सांगितले आहेत, आणि ते एका साच्याचे नाहीत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणज्ञ, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक असे दहा जण तेथे येतात आणि प्रत्येकाचा अधिकार आपापल्या विषयापुरता असतो. राजाला धनुष्य ओढण्याच्या आविर्भावावर मत देता येत नाही, वैयाकरणाला शृंगारोपचारांवर नाही. रसचर्चेच्या ओघात ह्या यादीकडे मराठी समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. तिच्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, वैविध्यपूर्ण प्रयोगासाठी परीक्षकही विविध हवेत. एकच सर्वज्ञ रसिक पुरेसा नाही. दोन, आणि प्रस्तुत संदर्भात ही अधिक मोलाची, प्राश्निक प्रयोगाच्या वेळी सभागृहात बसलेले असतात. ते दोष पाहतात, गुण पाहतात, दोन प्रयोगांत स्पर्धा असेल तर निकालही देतात. परंतु प्रयोग होऊन जातो. भरताने निर्णय रद्द केला नाही आणि सौम्यही केला नाही. त्याने दिलेली त्याची जागा सभागृहातली आहे.

मराठी सौंदर्यविचारात रा. भा. पाटणकर ह्यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ह्या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव कल्पून कलाविषयक भूमिकांची मांडणी केली. जडसनसारख्या कार्यक्रमात प्रेक्षकाला एका रात्रीत ह्या दोन ध्रुवांमध्ये अनेकदा ये-जा करावी लागते. पाणी पिण्याची क्रिया प्रयोजनापासून तोडून केवळ आकार म्हणून पाहावी, की ती तहानलेल्या देहाची नित्याची क्रिया म्हणूनच आपल्याला भिडते? पॅक्स्टन ह्यांच्या 'सॅटिस्फायिन लव्हर' (१९६७) मध्ये तर नृत्याची तालीम न घेतलेली माणसे केवळ चालतात, थांबतात, बसतात. अलौकिकतावादी तेथे गतीच्या लयबंधाविषयी बोलू शकेल. लौकिकतावादी म्हणेल की जाडी, वाकलेली, संकोचलेली शरीरे आहेत तशी दिसतात हेच त्या रचनेचे मर्म आहे. दोन्ही वाचने टिकतात. टिकत नाही ती तिसरी वृत्ती : दोन्ही निकष खिशात ठेवून सर्वांना सारखीच शाबासकी देणारी.

ह्या वृत्तीत खरा अवमान आहे. माणसे समान आहेत म्हणून त्यांच्या कृतीही समान मानणे हे समतेचे विडंबन होय. समतेचा दावा लक्षासाठी आहे : प्रत्येक रचनेकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले जावे, ती काय करू पाहते हे आधी समजून घ्यावे. त्यानंतर ती फसली असेल तर तसे सांगणे हा त्या लक्षाचाच पुढचा टप्पा आहे. ज्या प्रयोगाविषयी 'तोही एक वेगळा प्रयत्न' एवढेच लिहिले जाते, त्याला नाकारण्याइतकेही महत्त्व मिळालेले नसते.

खुल्या दारातून आलेल्या कलावंतांपैकी काही जण स्वतःच्या कृतीबाबत किती कठोर होते, हे ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. रेनर ह्यांनी १९६५ मध्ये 'तुलेन ड्रामा रिव्ह्यू'मधील एका लेखाच्या अखेरीस नकारांची एक यादीच दिली. नेत्रदीपकता, तंत्रकौशल्याचा दिमाख, प्रेक्षकाला मोहविणे ह्या सगळ्यांना नाही म्हटले. पुढे त्या यादीचा जाहीरनामा झाला, आणि लोक तो दुसऱ्यांच्या रचना मोजण्याची पट्टी म्हणून वापरू लागले, हे तिचे दुर्दैव. मुळात तो एका रचनाकर्तीने आपल्याच रचनेभोवती घातलेला कुंपणाचा आराखडा होता. दाराशी परीक्षक नसल्यामुळे ही निवड तिला स्वतः करावी लागली. १९६६ च्या जानेवारीत जडसनमध्येच प्रथम सादर झालेली तिची 'ट्रायो ए' ही रचना ह्या कठोरपणाचे फळ आहे.

परंतु त्याच कठोरपणाच्या छायेत हर्को दिसेनासा झाला. १९६४ च्या ऑक्टोबरात एका मित्राच्या घरी नाचता नाचता खिडकीतून झेप घेऊन तो मरण पावला. जडसनचा इतिहास पुढे लिहिला गेला तो मुख्यतः साधी हालचाल, भावनाविरहित मुद्रा, अलंकाराला नकार ह्या सूत्राने. आणि ह्या सूत्रात अलंकाराचाच सोस असलेला, भडक, विनोदी हर्को बसेना. इतिहासानेच निवडसमितीचे काम केले. २००९ मध्ये होसे एस्तेबान मुन्योझ ह्यांनी 'क्रूझिंग यूटोपिया' ह्या ग्रंथातील एक प्रकरण त्याला दिले आणि ज्याला उणीव मानले गेले होते त्या अतिरेकातच वेगळ्या जगण्याची शक्यता वाचली. हा पुनर्विचार पटो वा न पटो, तो करता आला ह्याचे कारण साधे आहे : १९६२ च्या त्या रात्री हर्कोला कोणी दाराशी अडविले नव्हते. तो नाचला, लोकांनी पाहिले, काहींना आवडला, काहींना नाही, आणि ते निर्णय पुढे बदलण्याजोगे राहिले.

अर्थात हेही निव्वळ प्रयोग झाला म्हणून घडले नाही. जिल जॉन्स्टन ह्यांनी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्या कार्यक्रमावर लिहिले. कवयित्री डायेन दि प्रिमा ह्यांनी 'फ्लोटिंग बेअर' ह्या सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिकेत लिहिले. दोघीही त्या वर्तुळातल्याच होत्या. दि प्रिमा तर हर्कोची जिवलग मैत्रीण. तटस्थतेच्या कसोटीवर ही परीक्षणे उतरणार नाहीत. तरी सॅली बेन्स ह्यांना 'डेमोक्रसीज बॉडी' (१९८३) ह्या ग्रंथात ती रात्र पुन्हा उभी करताना मुलाखती, छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका ह्यांच्या जोडीला अशाच लिखाणाचा आधार घ्यावा लागला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१८-१९ मध्ये जडसनवर मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा भिंतीवर लावता आले ते असेच कागद आणि छायाचित्रे. तेवीसही रचनांविषयी सारखा पुरावा उरलेला नाही. कोणी काही लिहिले नाही, बरे नाही की वाईट नाही, अशा रचनेचे कार्यक्रमपत्रिकेवर नाव आहे आणि त्यापुढे रचनाकाराचे.