पर्वतीची पायरी, सोमनाथचा कळस

१३ ऑक्टोबर १९२९. पुण्यातल्या पर्वती टेकडीवरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाला निघालेल्या अस्पृश्यांवर दगडफेक झाली. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज या अस्पृश्य समाजातल्या नेत्यांच्या या लढ्यात काही सवर्ण तरुणही उतरले होते. त्यांत एस. एम. जोशी होते, आणि पुण्यात १९२० पासून वकिली करणारे नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळही. नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या देवदेवेश्वराचे दार त्या दिवशी उघडले नाही. सत्याग्रह पुढे कित्येक आठवडे चालला, तरीही उघडले नाही.

गाडगीळ तोवर पुणे जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होऊन गेले होते. पुढे ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे काँग्रेसमध्ये आले आणि जेधे-गाडगीळ ही जोडी जमली. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या त्या काळच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हे. १९३४ मध्ये गाडगीळ मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले आणि १९४७ मध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे आली.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला ते सरदार पटेलांबरोबर सौराष्ट्रातल्या सोमनाथला गेले. भग्न मंदिर पाहून भारत सरकारने ते पुन्हा बांधावे, ही कल्पना आपण सरदारांपुढे मांडली, असे गाडगीळांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सरदारांनी तिथेच पुनर्निर्माणाची घोषणा केली.

पर्वतीच्या लढ्यात उतरलेल्या माणसाला सोमनाथच्या भग्न भिंती पाहून गहिवर यावा, यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी त्यांची श्रद्धा एकच होती: देऊळ समाजाचे आहे. पण पर्वतीवर ते नागरिक होते, सोमनाथला मंत्री. वकील अशील निवडू शकतो. मंत्र्याला ती मुभा नसते. ज्याचा सोमनाथाशी काही संबंध नाही, जो वेगळ्या देवाला भजतो किंवा कुठल्याच देवाला भजत नाही, त्याचाही पैसा तिजोरीत असतो.

गांधीजींनी नेमके इथे बोट ठेवले. २८ नोव्हेंबरच्या प्रार्थनासभेत त्यांनी सांगितले की सरकार सर्वांचे आहे, मंदिरासाठी त्याने खर्च करू नये, पैसा लोकांनी द्यावा. सरदारांनी ते मानले. विश्वस्त मंडळ नेमले गेले आणि देणग्यांतून काम उभे राहिले. गाडगीळांचा हेतू निर्मळ होता, तरी न्याय गांधीजींच्या बाजूने होता, असेच म्हणावे लागते.

मग सरकारने देवळांपासून सर्वस्वी दूर राहावे काय? पर्वतीचा अनुभव ‘नाही’ म्हणतो. तिथे तटस्थ राहणे म्हणजे बंद दाराची पाठराखण करणे होते. गाडगीळ ज्या संविधान सभेचे सदस्य होते, तिने अस्पृश्यता नष्ट केली. शिवाय सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार कलम २५ मध्ये राज्याला दिला. देऊळ बांधणे राज्याचे काम नाही. माणसाला दारात अडवले जात असेल, तर तो अडसर काढणे मात्र राज्याचेच काम आहे.

११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सोमनाथची प्राणप्रतिष्ठा झाली. ते मंदिर हरिजनांना खुले करण्यावर सनातन्यांनी टीका केली होती. तरीही हिंदूंच्या सर्व वर्गांना तिथे प्रवेश राहील, ही तरतूद विश्वस्तपत्रात कायम राहिली.