चौदा मोती

लोक माणसाच्या वयाचा अंदाज केसांवरून घेतात. मी बायकांच्या कानांवरून सालाचा अंदाज घेतो. आमच्या घराण्यातल्या लग्नांचे फोटो माझ्यापुढे टाका. कानात मोत्याच्या कुड्या आणि वरच्या पाळीत बुगडी दिसली, की समजावं, फोटो आजीच्या नाहीतर आईच्या वेळचा. नुसतेच चिमुकले टॉप्स दिसले, की आमच्या लग्नाच्या आसपासचा. कानात पोपट झोका घेईल एवढाल्या रिंगा दिसल्या, की 1985च्या पुढचा. आणि गेल्या दहा-बारा वर्षांतल्या फोटोंत पुन्हा कुड्या, पुन्हा बुगडी, पुन्हा नथ! मात्र नथ चापाची आणि बुगडीही चापाची. शृंगार हवा, भोक नको, हा नव्या मंडळींचा बाणा. (भिकबाळीचं मात्र उलट. पेशवाईतल्या पुरुषांची ही हौस आता ढोलपथकातली मुलं पुरवून घेतात आणि त्यासाठी खुशाल कान टोचून घेतात. याच मुलांना इंजेक्शन म्हटलं की घाम फुटतो.)

तर आमच्या नातीचं लग्न ठरलं आणि तिने जाहीर केलं, "आजोबा, मी हिरे-बिरे काही घालणार नाही. मला खापरपणजीच्या कुड्या हव्यात."

खापरपणजी म्हणजे माझी आजी. तिच्या कुड्या बसऱ्याच्या मोत्यांच्या. मध्ये एक आणि भोवती सहा, असे एका कानात सात, दोन्ही मिळून चौदा मोती. आजीकडून त्या आईकडे आल्या. ताईच्या लग्नात आईने तिला पाटल्या दिल्या आणि कुड्या सुनेसाठी मागे ठेवल्या. ताई तेव्हा काही बोलली नाही. पण न बोलणं आणि काही न वाटणं यांत फरक असतो, हे आमच्या ताईला ओळखणाऱ्या कुणालाही सांगावं लागू नये. 1976 साली आमचं लग्न झालं आणि कुड्या हिच्या कानात गेल्या.

तीनच वर्षांत ही म्हणाली, "या कुड्या घातल्या की मी काकूबाई दिसते." कुड्यांचे टॉप्स झाले. पुढे 1986 मध्ये टॉप्स मोडून लोंबते डूल झाले. पुढे डूलही जुने झाले आणि बँकेच्या लॉकरमध्ये गुलाबी कागदात झोपी गेले. सोनं दोनदा आटवलं गेलं, दोन्ही वेळा घट निघाली, भर पडली. त्यात आजीचं सोनं किती उरलं, ते मुशीलाच ठाऊक. पण मोती तेच होते. निदान घरात सगळे तसं म्हणत होते.

मी मात्र तसं म्हणत नव्हतो. मी गप्प बसत होतो.

कारण 1979 साली कुड्या सराफाकडे पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. डबी शर्टाच्या खिशात. एका कुडीची तार आधीच ढिली झालेली. बसमध्ये रेटारेटी, आणि उतरून डबी उघडून पाहतो तो मोती तेरा! पुढचा अर्धा तास मी लक्ष्मी रोडवर घाम पुसत उभा होतो. मग तुळशीबागेत शिरलो आणि तशाच रंगाचा एक काचेचा मोती घेतला. किती रुपयांना ते सांगत नाही, कारण आकडा ऐकून अजून माझी मलाच लाज वाटते. तो मोती चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या घरात बसऱ्याचा म्हणून मानाने राहिला.

आता नातीसाठी डुलांच्या पुन्हा कुड्या करायच्या म्हणून आम्ही उभयता सराफाकडे गेलो. त्याने मोती सोडवले, एकेक दातावर घासून पाहिला (खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत घसरतो), मग डोळ्याला भिंग लावून प्रत्येकाच्या भोकात डोकावला. आणि काही न बोलता निळ्या मखमलीवर तीन ढीग केले.

"हे सहा बसऱ्याचे. हे पाच कल्चरचे, भोकातून आतला मणी दिसतोय. आणि हे तीन काचेचे."

तीन? मी एकाची तयारी ठेवली होती! मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे पाहत नव्हती.

रस्त्यावर आल्यावर मी माझा एक मोती कबूल केला. मला वाटलं, आता पंचेचाळीस वर्षांचं व्याज वसूल होणार. पण ही शांतपणे म्हणाली, "ते पाच माझे." 1986 साली मी काविळीने तीन महिने अंथरुणावर होतो, पगार अर्धा. माहेरून पैसे आले असं हिने तेव्हा मला सांगितलं होतं. मी बरा झाल्यावर सासऱ्यांना भारावून एक आभाराचं पत्रसुद्धा टाकलं होतं. त्यांनी त्याचं उत्तर का दिलं नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

रात्री झोप लागेना. या कुड्या आता कुणाच्या? मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही नाही म्हणत गेला आणि शेवटी रथच सापडेना. तो राजा होता, त्याला परवडलं. मला दुसऱ्या दिवशी नातीला उत्तर द्यायचं होतं, आणि तिने खापरपणजीच्या कुड्यांची बातमी दोन्हीकडच्या नातेवाइकांत केव्हाच पसरवली होती.

बरं, खरा मोती तरी कशाला म्हणायचं? स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपले लोक म्हणत आले. 1893 साली जपानमध्ये मिकिमोतो नावाच्या गृहस्थाने नक्षत्राची वाट न पाहता शिंपल्यात स्वतःच्या हाताने कण घातला आणि मोती पिकवला. शिंपल्याच्या बाजूने विचार करा. आत शिरलेला उपरा आपणहून आला की कुणी ढकलला, याची चौकशी तो करत नाही. तो मुकाट्याने थरावर थर चढवतो. कष्ट तेच, थर तेच. पण बाजार चौकशी करतो. न्यूयॉर्कमध्ये 1917 साली कार्टिये या जवाहिऱ्याने फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा एक वाडा दोन पदरी नैसर्गिक मोत्यांच्या माळेच्या बदल्यात घेतला. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. मधल्या काळात कल्चरच्या मोत्यांनी बाजार पाडला आणि 1957 साली तीच माळ लिलावात दीड लाखाच्या आसपास गेली. मोती तेच. वाड्यात मात्र अजून कार्टियेचं दुकान आहे.

हे सगळं मी हिला अंथरुणात ऐकवलं. ही म्हणाली, "पोरीला काही सांगायचं नाही. झोपा."

मी म्हटलं, "अगं, पण ते खोटं होईल."

"मोती पाहून ती कुणाला आठवणार आहे? आजींनाच ना? मग खोटं काय त्यात?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण तिचं म्हणणं पटलंही नाही. कारण न सांगण्यात तिचे ते पाच मोतीही गायब होत होते. माझा तुळशीबागेतला मोती बुडाला तर बुडू दे, तो त्याच लायकीचा होता. पण त्या पाचांवर मी तीन महिने भात-मेतकूट खाल्लं होतं. ते आजीच्या नावावर का जमा व्हावेत?

आम्ही असे दोन दिवस कुजबुजत होतो. मग सराफाने विचारलं, काचेचे बदलून द्यायचे का? दोघांच्याही तोंडून एकदम 'नको' निघालं. का, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी नात नऊवारीत, कानात कुड्या. जो तो म्हणत होता, जुन्याची सर नव्याला नाही. तेवढ्यात ताई काठी टेकत आली. तिचं वय आता एक्क्याऐंशी. तिने नातीचा कान धरून जवळ ओढला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. माझ्या पोटात गोळा. कान सोडून तिने मला खांबाआड बोलावलं.

"डाव्या कुडीतला मधला मोती बघितलास?"

"का गं ताई?"

"माझा आहे तो. आई नदीवर गेली होती, मी कुड्या घालून आरशात बघत होते. मोती निसटला, मोरीत गेला. मी माझ्या जत्रेतल्या माळेतला मणी काढला आणि लाखेने बसवला. नऊ-दहा वर्षांची असेन. आईला अजून माहीत नाही."

आईला जाऊन बावीस वर्षं झाली. ताईच्या ते लक्षात होतंच, पण 'अजून' हा शब्द काही तिने मागे घेतला नाही.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली, आणि बऱ्याच वर्षांनी हसली. मग नातीशेजारी खुर्ची ओढून बसली ती जेवणाची हाक येईपर्यंत उठली नाही.

काचेचे तीन. एक माझा, एक ताईचा. तिसरा कुणाचा याचा विचार करत मी पंगतीत बसलो होतो. समोरच्या भिंतीवर कार्यालयवाल्यांनी टांगलेल्या आमच्या घरच्या जुन्या फोटोंत आजीचा फोटोही होता. कानात कुड्या, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू इकडची काडी तिकडे केली नाही.