आधी मागं बस

तात्यांनी मला गाडी शिकवली ती उलट्या बाजूनं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. निमगाव केतकीत आमचा पानमळा होता आणि पानांची डालगी बाजाराला न्यायला त्यांनी एक जुनी जीप घेतली होती. मला वाटलं, पहिल्याच दिवशी स्टेअरिंग हातात मिळणार. तात्या म्हणाले, "आधी मागं बस."

पुढं माझा चुलतभाऊ शिकत होता. मी डालग्यांशेजारी पत्र्यावर. दर गिअरला माझं डोकं एकदा पुढं, एकदा मागं, आणि ओल्या फडक्याखालची पानं डालग्यासकट सरकायची. उतरल्यावर त्याला म्हणालो, "काय हिसके देतोस रं!" तो म्हणाला, "हिसके? कुठं काय बसले?" तो खोटं बोलत नव्हता. चालवणाऱ्याला धक्का कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. हाताला स्टेअरिंगचा आधार असतो, अंग आपोआप सावरतं. ज्याच्या हातून धक्का बसतो त्यालाच तो सगळ्यात कमी लागतो.

माझी पाळी आली तेव्हा मी दांड्याशी कुस्तीच मांडली. सवय ट्रॅक्टरची. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला उभ्यानंच गिअर टाकायचा आणि शेताच्या टोकापर्यंत त्याच गिअरवर जायचं. चालत्या गाडीत खर्रर्र झालं की तात्या म्हणायचे, "ढकलू नगं लेका. आत दोन चाकं फिरत्यात, दोघांची चाल येगळी. चाल जुळू दे, मग ती आपसूक मिळत्यात."

यात सगळं आलं. क्लच दाबला की इंजिनची आणि चाकांची ताटातूट होते. वरचा गिअर टाकताना न्युट्रलला पळभर थांबावं; आतली चाल मंदावते आणि दांडा दोन बोटांनी आत जातो. खालचा टाकताना उलटं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलं की गाडीच्या त्याच वेगाला इंजिनला साधारण दीडपट फिरावं लागतं. थोडी रेस देऊन ते आधीच फिरवलं नाही आणि क्लच झटक्यात सोडला, तर त्याला ओढून फिरवायचं काम चाकांवर येतं. गाडी अडखळते, माणसं पुढं कोलमडतात. जुने ट्रकवाले म्हणूनच डबल क्लच मारायचे: एकदा दाबून न्युट्रल, सोडून थोडी रेस, पुन्हा दाबून गिअर. आमच्या जीपला चालत्यात पहिला टाकायचा तर हीच कसरत.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. एका साली त्या गर्दीतून जीप काढताना मी सारा वेळ क्लच अर्धा धरून ठेवला, धड दाबलेला नाही, धड सोडलेला नाही. धक्का एकही बसला नाही. घरी आलो तर जळका वास. तात्या हसले नाहीत. "धक्का गेला न्हाई," म्हणाले, "प्लेटीनं खाल्ला."

पुढं जीप जाऊन मोटार आली. एका हिवाळ्यात थोरली आई, तात्यांची बायको, पानमळ्यात पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तिला मागं आडवं करून, डोकं तात्यांच्या मांडीवर ठेवून मी बारामतीला निघालो. उसाचा हंगाम. शेळगाव, अंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन, सगळीकडं भवानीनगरच्या कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या. दुसरा, तिसरा, परत दुसरा. ती हूं का चूं बोलली नाही. दवाखान्याच्या दारात मला वाटत होतं, आज आपण गाडी सुरेख आणली. मग तात्यांच्या दंडाकडं लक्ष गेलं. तिच्या नखांचे वळ उठले होते.

"बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"तू घाईत हुतास बाळा."

त्यानंतर काही महिन्यांनी गाडीचा गिअर कडकडायला लागला. मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलून एक पितळी कडी माझ्या हातावर ठेवली. तिच्या आतल्या बाजूच्या बारीक रेघा पुसून गेल्या होत्या. ही कडी आधी घासते, दोन्हींची चाल एक करते, मग दाते एकमेकांत बसतात. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत ही सोय पहिल्यांदा आली आणि डबल क्लचची गरज हळूहळू संपली. जुन्या गिअरबॉक्समध्ये चूक केली की लगेच बोंब व्हायची. या कडीनं चुकीचा आवाजच काढून घेतला. चूक होतच राहते, कडी झिजत राहते, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपला हात बसला.

वाटणीच्या साली तात्यांची आणि माझ्या वडलांची चाल जुळत नव्हती. एकाचा शब्द दुसऱ्याकडं थोरली आई न्यायची, वाटेत मऊ करून. आम्ही पोरं अभिमानानं सांगायचो, आमच्या घरात भांडणं होत नाहीत.

तिच्या सोसण्याचं कौतुक गावात पुष्कळ झालं, मीही केलंय. आता करवत नाही. ती लासुर्ण्याला एकदा जरी ओरडली असती तर पुढचे गिअर मी जपून टाकले असते. पण हे म्हणताना माझ्याच लक्षात येतं की ओरडायचं कामही मी तिच्यावरच टाकतोय. मोडलेलं हाड तिचं, आणि मला शिकवायचंही तिनंच! मी वळून विचारलं असतं तर? "बरी हाय, चल तू," असंच ती म्हणाली असती. मला पत्र्यावरचा तो दिवस आठवायला हवा होता.

परवा इंदापूरला निघालो होतो. लेक मागं बसलेली. गावाबाहेरच्या गतिरोधकापाशी ती म्हणाली, "बाबा, दर वेळी मान हलते माझी. जरा नीट चालवा की."

मला राग आला. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, असंही बोललो. मग गाडी कडेला घेतली, किल्ली तिच्या हातात दिली आणि मागं जाऊन बसलो.